माज, मेंदू आणि आबा

संगमनेरच्या कॉलेजात मी पीएच.डी. करत होते, तेव्हा घरी एवढंच ठाऊक होतं की पोरगी उंदरांवर काहीतरी प्रयोग करते. उंदराची मादी नराला केव्हा जवळ येऊ देते आणि तेव्हा तिच्या मेंदूत काय चाललेलं असतं, हा माझा विषय. वडिलांना, म्हणजे आबांना, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

एकदा आबा नेवाशाजवळच्या आमच्या गावाहून डबा घेऊन आले आणि सरळ म्हणाले, "उंदरांचं नेमकं काय बघतीस गं?"

मी खाली बघत कसंबसं सांगितलं. आबांचा सगळा जन्म गाईंच्या गोठ्यात गेलेला; कुठली गाय केव्हा माजावर येते, वळूला केव्हा जवळ येऊ देते, हे त्यांना लांबूनच कळायचं.

"म्हंजी माज बघतीस व्हय! मग लाजतीस कशाला?"

मला इतकं हसू आलं की माझ्या मार्गदर्शक बाईंची परवानगी काढून मी त्यांना प्रयोगशाळेतच नेलं. तोंडाला मास्क, अंगात माझा अ‍ॅप्रन. बटणं काही लागेनात. उंदीर अंधारात हिंडतात आणि लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून तिथे भर दुपारी नुसता लाल दिवा. पिंजऱ्याच्या मधल्या भिंतीला बारीक भोकं होती. त्यातून मादी जायची, थोराड नर अडायचा.

मादी पलीकडे गेली, नरापुढे पाठ वाकवून थांबली आणि लगेच अलीकडे येऊन मिशा पुसत बसली.

"परत आली की!"

"येणारच, आबा. इस्ट्रोजेन नि प्रोजेस्टेरॉन ही हॉर्मोन्स तिच्या मेंदूला तयार करतात. पण कधी जायचं, कधी परतायचं हे तिच्या हातात असलं, तर मेंदूत डोपामीन जास्त पाझरतं. तिला ते सुखाचं होतं. नराबरोबर कोंडली तर तसं होत नाही."

आबा बराच वेळ वाकून बघत राहिले. मग मास्कमधूनच म्हणाले, "तुज्या आईनं मला आधी न्हाई म्हनलं हुतं."

"काय?"

"व्हय. मग वरसानं परत गेल्तो."

हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. ते एसटीत बसल्याबरोबर मी आईला फोन लावला. ती खुदकन हसली.

"सांगितलं व्हय त्यांनी? मला धाव्वीची परीक्षा द्यायची हुती."

"मग नंतर हो का म्हणालीस?"

"दुसऱ्या खेपेला बाकीचे समदे देन्याघेन्याचं बोलत बसले. ह्यांनी तेवढं इचारलं, पेपर कसे गेले म्हनून."