एक्कावन्न खोल्यांचं गाऱ्हाणं

लालबागच्या भोगटे चाळीत दर सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाची सार्वजनिक पूजा होते. पोथी वाचायला भटजी बाहेरून येतात, पण पूजेनंतरचं गाऱ्हाणं घालायचं ते महादेव घाडीगांवकरांनीच. चाळ त्यांना आबा म्हणते. वय सत्त्याहत्तर. चौरंगापुढे नारळ हातात धरून उभं राहायचं, एक्कावन्न खोल्यांतल्या एकेका घराचं नाव घेऊन देवाला साकडं घालायचं, आणि प्रत्येक नावाला मागून सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गावाकडे हे काम घाडी घराण्याचं. वडील गेल्यापासून चाळीत ते आबांकडे आलं, त्यालाही पस्तीस वर्षं झाली.

या वर्षी पूजा महिन्यावर आली आणि आबांना भीती वाटायला लागली.

कान तसे कधीचेच गेलेले. पंधरा वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर काढलेली. शेदीडशे साचे एका वेळी धडधडत असायचे आणि माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून नि हातवारे करून बोलायची. गिरणी बंद पडली, कानातली धडधड काही बंद पडली नाही. पण चाळीत निम्मे म्हातारे बहिरेच. त्यात लाजण्यासारखं कुणालाच काही वाटत नाही. समोरच्याने दोनदा ओरडायचं, तिसऱ्यांदा हात उडवून निघून जायचं, एवढाच काय तो रिवाज.

भीती वेगळीच होती. वर्षदीड वर्षापासून आबांना शब्द सापडेनासे झाले होते. वस्तू समोर असायची, ती कशाला वापरतात ते पक्कं ठाऊक असायचं, आणि नाव मात्र गायब. एकदा चहा गाळायचं ते हवं होतं तर ‘ता... भोकां भोकां आसलेला’ म्हणत ओट्याशी पाच मिनिटं उभे होते. शेवटी बायकोनेच गाळणी पुढे केली.

मग त्यांनी एक युक्ती काढली, आणि बहिऱ्या माणसाला ती फुकटात मिळते. कुणी काही विचारलं आणि उत्तराचा शब्द येईना, की कानाकडे बोट करायचं. ‘ऐकाक नाय इला.’ समोरचा कंटाळून निघून जायचा आणि आबा सुटायचे. बहिरेपण असं पांघरूण घेतल्यासारखं वापरून त्यांनी वर्ष ढकललं.

दिवाळीनंतर मुलगा दिनेश बदलापूरहून आला आणि त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेला. आधी कान तपासले. मग एका डॉक्टरीण बाईंनी चित्रं दाखवली. कंगव्याचं चित्र आलं तेव्हा आबांनी डोक्यावरून हात फिरवून दाखवला, हसले, आणि कानाकडे बोट केलं. बाई काही फसल्या नाहीत. त्यांनी दिनेशला सांगितलं, “कान गेलेत हे खरं, पण डिमेन्शियाचीही सुरुवात आहे. ऐकू आलं नाही की माणूस बोलणं टाळतो, आणि शब्द आणखी लांब जातात. कानाला मशीन लावा. समोर बसून बोला, एका वेळी एकच गोष्ट. शब्द सापडेपर्यंत थांबा, घाई करू नका.”

मशीन आलं आणि ट्रंकेत गेलं. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट. खरं कारण आबा कुणाला सांगणार? ऐकू यायला लागलं तर उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर द्यायला शब्द कुठून आणायचे?

तरीही हे सगळं त्यांनी पचवलं असतं. त्यांची झोप उडवली होती ती सतरा नंबरच्या खोलीने.

मागच्या पूजेला आबा नेहमीसारखे मनातल्या मनात दारोदार फिरत नावं घेत होते. ‘व्हय म्हाराजा’ झालं की पुढचं दार, अशी त्यांची रीत. पण त्या दिवशी मागचा आवाज कानात शिरलाच नाही. लोकांनी होकार दिला की नाही, आपण पंधरावर की सोळावर, काही कळेना. मग ते जे सुटले ते थेट अठरा नंबरवर. सतरा राहिली. नारळ फोडून झाल्यावर ते ध्यानात आलं, तेव्हा गर्दी शिऱ्याकडे वळली होती आणि आबांची जीभ उचलेना. श्रावणात सतरा नंबरचा मनू गावडे बसल्या जागी गेला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, ना दुखणं ना खुपणं. डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक. आबा तिरडीमागून चालत होते आणि त्यांना एकच गोष्ट माहीत होती, की देवापुढे या माणसाचं नाव घ्यायचं राहिलं होतं आणि ते आपल्याकडून राहिलं होतं. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

आता एक्कावन्न नावं. त्यातलं एक निसटलं तर कोण जाणार?

मंडळाचा सेक्रेटरी अजित भला माणूस. तो म्हणाला, “आबा, टेन्शन नको. मी लिस्ट प्रिंट करून देतो, मोठ्या अक्षरात. बघून वाचा.” आबांनी कानाकडे बोट केलं. देवापुढे यादी वाचायची तर तो देव की रेशनिंगचा ऑफिसर? शिवाय यादी घेतली की लोक विचारणार, आबांना आता आठवत नाही का? आणि ‘मला जमणार नाही, दुसरा बघा’ म्हणायचं, तर दुसरा होता कोण? दिनेशला गाऱ्हाण्याची एक ओळ येत नव्हती.

मग महिनाभर रोज दुपारी आबा चाळीच्या तिन्ही गॅलऱ्यांतून चकरा मारायचे. प्रत्येक दाराशी क्षणभर थांबायचे, ओठ हलवायचे, पुढे जायचे. बायाबापड्यांना वाटायचं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल. कधी एक्कावन्न जमायची. कधी तेवीस नंबरशीच पाय थिजायचे, आणि दारातून कुणी डोकावेपर्यंत तिथेच उभे राहायचे.

पूजेच्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः ट्रंक उघडून मशीन काढलं आणि बायकोपुढे धरलं. मागचं ऐकू आलं नाही तर पुन्हा दार चुकेल, ही धास्ती लोकलाजेपेक्षा मोठी होती. तिने दोन्ही कानांत ते नीट बसवून दिलं. भांड्यांचा, नळाचा, लाऊडस्पीकरचा असा काही गलका आत घुसला की आबा दचकून खाटेवर बसले.

आरती झाली. अजितने नारळ हातात दिला. आबा चौरंगापुढे उभे राहिले.

“बा देवा सत्यनारायणा म्हाराजा! आज ही जी काय सेवा तुझ्या लेकरांनी केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

काय आवाज तो! पाठीवर थाप पडल्यासारखा. आबा पहिल्या दाराशी गेले, दुसऱ्या, तिसऱ्या. होकार आला की पुढे. सतरा नंबरशी त्यांनी मनूच्या बायकोचं नाव घेतलं तेव्हा आवाज कापला, पण नाव आलं. तेवीस आली नि गेली. पन्नास झाल्या तशी छाती जरा हलकी झाली. आता त्यांचं स्वतःचं घर, नेहमी सगळ्यांत शेवटी.

“माझो झील दिनेश, सून दर्शना, नात कीर्ती, आणि...”

पुढे काहीच नव्हतं.

बायको चौरंगापलीकडे, बायकांच्या रांगेत उभी होती. जांभळं लुगडं, कपाळावर ठळक कुंकू. ही आपली बायको, हिच्याशी बावन्न वर्षं संसार केला, हिच्या हाताला भाकरीचा चटका कुठे बसलाय तेही त्यांना ठाऊक होतं. नाव मात्र नव्हतं. जिथे ते असायला हवं होतं तिथे नुसती मोकळी जागा होती. सतरा नंबर, सतरा नंबर, एवढंच डोक्यात वाजत राहिलं.

“आणि... हिका,” त्यांनी नारळाने तिच्याकडे दाखवलं. “हिका सांभाळ रे म्हाराजा!”

मांडवात एकच हशा पिकला. “आबा लाजले रे!” कुणीतरी ओरडलं. जुनी माणसं बायकोचं नाव चारचौघांत घेत नाहीत, हे साऱ्यांना माहीत. “व्हय म्हाराजा!” म्हणून चाळीने खुशीत होकार दिला आणि टाळ्याही वाजवल्या. पस्तीस वर्षं वर्षातून एकदा, याच जागी, आबा तिचं नाव खणखणीत घेत आले होते, हे कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. ज्या एका बाईच्या ध्यानात होतं ती हसली नाही.

नारळ फोडून आबा दुसऱ्या माळ्यावरच्या खोलीत येऊन बसले. मागोमाग ती आली. दार लोटून घेतलं आणि डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं तशी अगदी समोर बसली.

“माझा नाव गावला नाय ना?”

मशीन कानात होतं. खोटं बोलायची सोय उरली नव्हती.

“नाय,” आबा म्हणाले, आणि मग मनूचं, सतरा नंबरचं, सगळंच भडाभडा बाहेर पडलं. निम्मे शब्द सापडले, निम्मे हातांनी सांगितले.

“म्हायत आसा माका,” ती म्हणाली. “सतरा नंबर रवली, ता तेवाच ध्यानात इला होता.”

“मगे बोललंस कित्याक नाय?”

“तुमी भियाल म्हणान.” ती उठली. “चला. चौरंग अजून हलवूक नाय. माझा नाव कमल. म्हणा.”

“कमल.”

“परत.”

“कमल.”

आबांनी ते नाव दातांत धरलं आणि जिना उतरायला लागले. दोन माळे, पण संपता संपेनात. वरून कुणी विचारलं, “आबा, शिरा खाल्लात?” कठड्याशी मुली गाणं म्हणत होत्या. खाली अजित आडवा आला, “आबा, एक नंबर! कडक झालं गाऱ्हाणं!” एरवी यातलं काही ऐकू आलं नसतं. आज प्रत्येक शब्द येऊन त्या एका नावाला धक्का मारत होता. आबांनी कुणालाच उत्तर दिलं नाही. लोकांना वाटलं, ऐकू आलं नसेल. कमल... कमल... लाऊडस्पीकर खरखरला आणि क्षणभर सगळं पुसलं गेलं. आबा जागीच थांबले. ती पुढे होती. तिने मागे वळून पाहिलं पण सांगितलं नाही, नुसती थांबून राहिली. आणि नाव परत आलं.

चौरंगापाशी कुणी नव्हतं, गर्दी प्रसादाच्या रांगेत होती. आबांनी हात जोडले.

“कमल,” ते म्हणाले. “कमलाक सांभाळ रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” तिने एकटीने म्हटलं.

आबांचा श्वास सुटला. ते मागे वळणार, तेवढ्यात ती देवाकडे बघून म्हणाली, “आणि म्हादेवाक. माझ्या म्हादेवाक हंयच ठेव रे म्हाराजा, माझ्यापाशी.”

मशीनमधून ते लख्ख ऐकू आलं. बावन्न वर्षांत तिने हे नाव तोंडातून काढलं नव्हतं. ‘अवो’ म्हणायची, ‘दिनेशचे बाबा’ म्हणायची, हॉस्पिटलच्या खिडकीवर नाव विचारलं तेव्हाही तिने दिनेशला पुढे केलं होतं. आबांना वाटत होतं भितो तो आपण एकटेच. त्यांनी तिचा हात धरला तर तो बर्फासारखा गार होता.

गाऱ्हाण्याला होकार द्यायचा असतो, आणि मागे दुसरं कुणी नव्हतं.

“व्हय म्हाराजा,” आबा म्हणाले, आणि तिचा हात सोडेनात.