रुपयाचा दशांश

अकोल्याची गाडी मला बडनेऱ्याला सोडते. शाळेकडे जाणारा ऑटो भरेपर्यंत मी स्टेशनाबाहेर संत्री विकणाऱ्या आजीजवळ उभी असते. प्रत्येक संत्रं ती पदराने पुसते आणि झोपलेलं बाळ ठेवावं तसं हलकेच ढिगावर ठेवते. हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात तो ढीग आतून पेटल्यासारखा दिसतो.

एका सकाळी तिची नात शेजारी गणितं सोडवत होती. ०.५ आणि ०.२५ यांतलं मोठं कोणतं? तिने ०.२५ लिहिलं.

"पाचापेक्षा पंचवीस मोठे नाई का व, आजी?"

माझ्या वर्गातही निम्मी मुलं हेच लिहितात. मी लाल पेनाने फुली मारते.

आजीने कमरेची पिशवी सोडली. दहा पैशांची जुनी, नक्षीदार काठांची नाणी आणि पाच पैशांचं एक चौकोनी नाणं तिने पोत्यावर मांडलं.

"हे धा मिळून एक रुपया. त्यातले पाच घे, हे तुहं पॉइंट पाच. आता धा पैशाचे दोन अन् पाचाचं एक, हे पॉइंट पंचवीस. सांग माय, जास्त कोन्तं?"

पोरगीने दोन्हीकडची नाणी बोटाने मोजली. मग हसली आणि तिने उत्तर खोडलं.

"आजी, ही नाणी तर कधीच बंद झाली," मी म्हणाले.

"बजारात नाई चालत, बाई. पोरीच्या डोक्यात चालते."

त्या संध्याकाळी मी घरातले सगळे डबे उपसले. अठरा वर्षं दशांश शिकवणाऱ्या माझ्या घरात रुपयाचा एक दशांश निघाला नाही.