माझा नैसर्गिक खोकला

देऊळगाव राजाच्या बसस्टँडजवळ एका भिंतीवर मी रंगवलेली दोन फुप्फुसं आहेत. डावं उजव्यापेक्षा जरा लहान, शरीरशास्त्राला धरून. खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'दोन आठवड्यांहून जास्त खोकला? आजच बेडका तपासा.' त्या भिंतीला टेकून मी बुलढाण्याच्या गाडीची वाट पाहत होतो आणि खोकत होतो. शेजारी मिरच्यांचं पोतं घेऊन एक गृहस्थ बसले होते. त्यांनी आधी भिंत वाचली, मग माझ्याकडे पाहिलं, मग पोतं उचललं आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. मला रागच आला. लोक भिंती वाचत नाहीत अशी तक्रार मी नोकरीभर केली, आणि खरोखर वाचणारा एक भेटला तर तो असा.

मी आरोग्य खात्याच्या प्रशिक्षणाच्या ऑफिसात चित्रकार आहे. खुर्ची सरकारी, ब्रश स्वतःचे. डास, जंत, आतडी, गर्भाशय, फुप्फुसं हे माझे विषय. लोक निसर्गचित्रं काढतात, मी यकृतं काढली. जानेफळला दवाखान्याच्या भिंतीवर मी एक गरोदर बाई रंगवली, तर तिचा चेहरा नेमका गावातल्याच एका सुनेसारखा झाला. सासूने मला घरी बोलावून चहा पाजला आणि दार लोटून विचारलं, "हे तुले कोनं सांगतलं? आमी तं अजून कोनालेच सांगतलं नाही." त्या दिवसापासून गावात माझ्या कलेला थोडी भीतीयुक्त प्रतिष्ठा मिळाली.

तर खोकला. तो थिनरमुळे आहे असं मी सगळ्यांना सांगत असे. थिनर, रंगाची धूळ, बुलढाण्याची थंडी, सोयाबीनच्या मळणीचा भुसा, असं ऐकणारा बदलेल तसं कारण बदलायचं. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चौथीतल्या पोरांची कारणं ऐकून तिचे कान तयार झालेले आहेत.

"तुम्ही तपासून काऊन नाही घेत?" ती विचारायची.

"रंगाच्या वासाने होते."

"दिवाळीपासून रंगाचा डबा उघडला का तुम्ही?"

नव्हता उघडला. ऑफिसात आता भिंतींऐवजी मोबाईलवर चित्रं जायला लागली होती आणि माझे ब्रश फडताळात वाळून कडक झाले होते. मग मी खडीसाखर तोंडात टाकून विषय बदलायचो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मी फुप्फुसांवरचे डाग इतक्या वेळा काढले होते की डोळे मिटले की ते दिसायचे, आणि ते माझ्या स्वतःच्या छातीत असतील हा विचार आला की मी उठून पाणी प्यायला जायचो.

अशात कार्यशाळेचं पत्र आलं. आरोग्यविषयक माहिती देणाऱ्यांसाठी डिजिटल माध्यमांचं प्रशिक्षण. शिकवायला पुण्याहून एक तरुण सर आले होते, पांढरे बूट घातलेले, अत्यंत गोड. आम्ही सगळे त्यांच्या वडिलांच्या वयाचे, तरी ते आम्हाला 'क्रिएटर' म्हणत. माझ्या शेजारी जानेफळच्या दवाखान्यातल्या सिस्टर बसल्या होत्या. त्यांचा हात मोबाईलवर सराईत होता. माझा अंगठा मात्र प्रत्येक चित्रीकरणात कोपऱ्यातून डोकावत असे. पहिल्या दिवशी तर मी पुढचा कॅमेरा चालू ठेवून भाषण रेकॉर्ड केलं, आणि मोठ्या पडद्यावर लावल्यावर दिसलं ते माझ्या नाकाचं आतलं दृश्य. सर विनम्रपणे म्हणाले, "अँगल वेगळा आहे." मी पाहत राहिलो. इतकी वर्षं नाक काढून मला नाकपुडीतले केस एवढे दाट असतात हे माहीत नव्हतं.

सरांचे नियम साधे होते. व्हिडिओ उभा पाहिजे, छोटा पाहिजे, मुद्दा एकच पाहिजे, आणि आवाज स्वच्छ पाहिजे. खराब चित्र लोक सहन करतात, खराब आवाज नाही, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की सगळ्यांनी ते लिहून घेतलं.

शेवटच्या दिवशी प्रत्येक गटाला विषय वाटून दिले. सिस्टर आणि मी एका गटात. आमच्या वाट्याला आलं, 'क्षयरोगाच्या तपासणीसाठी बेडका कसा द्यावा.' विषय ऐकताच मला खोकला आला. सर धावतच आले.

"वा, काका. किती नैसर्गिक. पेशंट तुम्हीच व्हा."

मी ताबडतोब हरभऱ्याच्या झाडावर चढलो. एवढ्या वर्षांत माझ्या यकृतांना कोणी नैसर्गिक म्हटलं नव्हतं.

चित्रीकरण इमारतीमागच्या कडुनिंबाखाली झालं, कारण बेडका उघड्यावर, माणसांपासून दूर द्यायचा असतो. मी चूळ भरली, खोल श्वास घेतला, छातीच्या तळापासून खोकलो, डबीत बेडका टाकला, झाकण लावलं. पण खोकला थांबेना. झाडाला धरून मी वाकलो. सिस्टरांनी मोबाईल खाली केला.

"दादा, कवापासून आहे हा खोकला?"

"भूमिकेत शिरलोय," मी म्हणालो.

"मले तं भूमिका दिसून नाही राह्यली," त्या म्हणाल्या. पण तेवढ्यात आतून हाक आली, वेळ संपत आला होता, आणि मी सुटलो.

मग संकलन. ते मी हट्टाने स्वतः केलं. ॲपमध्ये 'आवाज स्वच्छ करा' असं एक बटण होतं. मी ते दाबलं. कडुनिंबाची सळसळ गेली, मागच्या बाजूच्या कोंबड्या गेल्या, रस्त्यावरची मोटारसायकल गेली. आणि माझा खोकलाही गेला. यंत्राने तो कोंबड्यांतच धरला. आता त्या जागी मी नुसता तोंड उघडून वाकत होतो, भजनात सूर न लागलेल्या माणसासारखा. सरांनी मागून पाहिलं आणि म्हणाले, "ही सायलेंट जागा कापून टाका, लांबण लागते." मी कापली.

राहिलं ते असं. एक गृहस्थ चूळ भरतो, श्वास घेतो, डबीत सभ्यपणे थुंकतो, झाकण लावतो आणि हसतो. खोलीत टाळ्या पडल्या. निम्मं आयुष्य आरोग्य खात्यात घालवलेली माणसं बसली होती तिथे, एकालाही खटकलं नाही. बेडका खोकून काढायचा असतो हे आम्हाला इतकं पाठ होतं की तो खोकला आम्ही मनातच ऐकला. सरांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. आमचा व्हिडिओ सगळ्यांत चांगला ठरला आणि जिल्ह्यात पाठवला गेला.

पुढचे आठ-दहा दिवस घरी मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. पडद्यावर एक ठणठणीत माणूस होता. मला तो फार आवडला. शेवटी एकदा बायकोसमोर मोबाईल धरून मी म्हणालो, "बघ. कुठे खोकतोय?"

तिने पूर्ण पाहिला. मग मोबाईल माझ्या हातात परत दिला.

"मोबाईलमधून काढला तुम्ही," ती म्हणाली. "छातीतून कवा काढता?"

मी खडीसाखर शोधायला उठलो. दुसऱ्या दिवशी तिने शाळेत रजा टाकली आणि चप्पल घालून दारात उभी राहिली. चौथीतली पोरं तिच्यापुढे का गप्प बसतात ते मला कळलं.

सरकारी दवाखान्यात तपासणीच्या खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिने मला मास्क लावायला दिला, डबी दिली आणि मोबाईल पुढे धरला. "काका, हे पाहून घ्या एकदा. सगळ्याइले दाखवा लागते, वरून सांगतलं आहे."

मोबाईलमध्ये मी होतो. चूळ, श्वास, डबी, हसू. मास्कमुळे तिने मला ओळखलं नाही, आणि मीही ओळख दिली नाही. डबी घेऊन आवारातल्या झाडाखाली गेलो आणि व्हिडिओत होतं तसंच सगळं केलं. सभ्यपणे थुंकलो. नीट कसं द्यायचं हे मला माहीत नव्हतं असं नाही. ते मी भिंतीवर चित्रं काढून शिकवलं होतं. पण आपण खोकलोच नाही तर आत काही नसेलच, अशी एक वेडी आशा तेव्हा माझ्या डोक्यात होती.

मुलीने डबी उजेडात धरली.

"ही लाळ आहे, काका. बेडका पायजे. आठ दिवस झाले, जो तो लाळच आणून राह्यला. सगळ्याइले परत बोलवा लागते मले. त्या व्हिडिओतला माणूस खोकतच नाही ना."

मी मान खाली घातली. बायको शांतपणे म्हणाली, "हाच तो माणूस."

मुलीने मोबाईल पाहिला, मला पाहिलं, पुन्हा मोबाईल पाहिला. "मंग काका, तुम्हाले तरी माहीत पायजे होतं," एवढंच म्हणाली आणि दुसरी डबी दिली. मला तोंडात मारल्यासारखं झालं. कोणी म्हातारा जानेफळहून, कोणी बाई आणखी कुठून गाडी पकडून आली असेल, डबीत लाळ देऊन आपलं काम झालं म्हणून परत गेली असेल, आणि त्यांना पुन्हा यायला लावणारा मी व्हिडिओत डबीकडे बघून हसत होतो. मी झाडाखाली गेलो आणि कित्येक आठवडे थिनरच्या नावावर खपवलेला खोकला एकदाचा सोडला. पलीकडे बांधलेली शेळी उठून उभी राहिली.

टीबी निघाला. एक्स-रेत डाग डाव्या बाजूला, वरच्या भागात. मी डॉक्टरांना म्हणालो, छटा छान आली आहे. कोणी हसलं नाही. बाहेर आल्यावर बायको ऑटोत रडली आणि मी तिला धरून बसलो. आपण मरणार की काय हे मला तिलाच विचारायचं होतं, पण रडणाऱ्या माणसाला ते विचारता येईना. तिची तपासणी झाली, ती ठीक निघाली. त्या रात्री मी जेवलो.

कार्यशाळेच्या ग्रुपवरही सांगणं भाग होतं. मी लिहिलं, 'मला टीबी निघाला आहे. तुम्ही माझ्यासोबत खोलीत बसला होता. तपासून घ्या.' छोटं, मुद्दा एकच, आवाज स्वच्छ. तोवर माझे फुलांचे शुभ प्रभात कोणी उघडूनही पाहत नव्हतं. हे सगळ्यांनी लगेच वाचलं. सिस्टर पहिल्या जाऊन आल्या. पुण्याच्या सरांनी फोन करून तपासणी कुठे होते ते विचारलं. सगळे ठीक निघाले. व्हिडिओ मागे घेतला गेला आणि ऑफिसातून निरोप आला की बरं वाटलं की नवा करा, खोकल्यासकट.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी लघवी अशी केशरी होते की मी पहिल्या दिवशी न्हाणीघरात पाहतच राहिलो. तो केशरी मला आयुष्यात कधी मिसळता आला नव्हता. बायको रोज सकाळी गोळ्या हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. हळूहळू भूक लागायला लागली, पँट कमरेला बसायला लागली, आणि एका सकाळी लक्षात आलं की आज उठल्यापासून आपण खोकलोच नाही.

औषधांचा कोर्स संपत आला तेव्हा त्याच कडुनिंबाखाली पुन्हा चित्रीकरण ठेवलं. सिस्टर मोबाईल घेऊन आल्या. बायको शाळा सुटल्यावर आली आणि पायरीवर बसली. मी चूळ भरली, खोल श्वास घेतला. आणि खोकलाच येईना. मी प्रयत्न केला. नाटकात पोलीस पाटील एंट्रीआधी करतात तसा काहीतरी आवाज निघाला. सिस्टर हसायला लागल्या. पुन्हा केलं, आणखी वाईट झालं.

"खोटा वाटून राह्यला," पायरीवरून बायको म्हणाली. "एकदम खोटा." ती हसत होती, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. माझ्या कामाबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी बोललेलं नाही. मी तिच्यासाठी आणखी दोनदा खोटं खोकलो.

शेवटी सिस्टरांच्या मोबाईलमध्ये पहिलं रेकॉर्डिंग सापडलं, कोंबड्यांसकट. त्यातला खोकला उचलून नव्या व्हिडिओत बसवला. आता जिल्ह्यात तोच फिरतो, माझा आजचा चेहरा आणि माझा तेव्हाचा खोकला. खिडकीतली ती मुलगी म्हणते, आता डब्या बरोबर येतात. नातेवाईकांच्या ग्रुपवर कोणी ना कोणी तो टाकतोच, आणि बायको दर वेळी आवाज बंद करून पाहते. एकदा मी तिला म्हणालो, अगं, मुख्य मुद्दा आवाजातच आहे.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "मी लय दिवस ऐकला तो."