नानांची शिट्टी आणि तिचा हात

मंडळी, भूत-प्रेत, अंगात येणं, लिंबू-मिरची यातलं मला काहीही पटत नाही. आमच्या दुकानाच्या दारावर लिंबू टांगलेलं असतं, पण ते शेठ टांगतात. मी शेतीच्या ड्रिपच्या नळ्या विकणारा माणूस आहे. पाणी कुठून निघालं आणि कुठं पोहोचलं ते मला दाखवता आलं पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक नळी परत आणून देतं. म्हणून खाली जे लिहिलंय ते नेमकं कुठून निघालं हे मला सांगता येत नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. आणि राग एका बाईचाही आहे, ते आधीच सांगून टाकतो.

जळगावात, पिंप्राळ्याला, माझा मित्र सचिन राहतो. शाळेत शिक्षक आहे. रविवारी दुपारी त्याच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही काही जण एक खेळ खेळतो. पत्त्यांचा नाही, पटावरचाही नाही. सचिन गोष्ट सांगतो, आम्ही प्रत्येक जण त्या गोष्टीतलं एकेक पात्र. "समोर बंद दार आहे, काय करता?" असं तो विचारतो आणि आपण सांगायचं. आपण जे करतोय ते जमेल की नाही अशी शंका असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. त्याला 'चेक' म्हणतात. शोधायचा चेक, चढायचा चेक, खोटं पकडायचा चेक... ज्या कौशल्याला आपण पॉइंट दिलेत ते फाशाच्या आकड्यात मिळवायचे.

माझ्या पात्राचे सगळे पॉइंट शोधण्यात. त्यामुळे कुठल्याही खोलीत शिरलो की मी म्हणायचो, "सचिन, शोधायचा चेक मारतो." आणि दर वेळी सचिन म्हणायचा, "हेमंत, चेक मागू नको रे. तू काय करतोस ते सांग. फासा कधी टाकायचा ते मी सांगेन."

मला हे कधीच पटलं नाही. पॉइंट दिलेत कशाला मग? दुकानात गिऱ्हाईक 'सोळा एमएमची नळी द्या' म्हणतं, नळीसाठी हात कसा पुढे केला ते वर्णन करून सांगत नाही.

तरी माझं बरं चाललं होतं. मग प्रतिभा आली.

ती धुळ्याची. बँकेत नोकरी, बदली होऊन जळगावला आलेली. सचिनच्या बायकोच्या ओळखीची, म्हणून खेळायला आली. नियम तिला एक येत नव्हता. पॉइंट कुठं द्यायचे तेही सचिननेच भरून दिलं. पण पहिल्याच रविवारी ती बोलायला लागली आणि सगळे गप्प बसून ऐकू लागले. दाराशी आली की म्हणायची, "मी कान लावते. मग तळवा लावते दाराला. गार आहे का गरम?" आणि सचिन... अहो, सचिन तिला फासा टाकायलाच सांगेना! "एवढं नीट केलंस, आता चेक कशाला? गरम आहे." मला वीसपैकी तीन पडले की मी आंधळा, आणि हिला फुकटात सगळं दिसायचं. "बघ हेमंत, असं मागायचं असतं," हे वर. मी हसायचो. आतून जळायचो. घरी जाताना गाडीवर एकटाच तिच्या नकला करायचो. हो, केल्यात.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे शिट्टी.

माझे वडील, नाना, रावेर तालुक्यातल्या आमच्या गावात कबड्डीचे पंच होते. धंदा केळीचा, पण जीव मैदानावर. त्यांची पितळी शिट्टी सगळ्या पंचक्रोशीला ओळखू यायची, कारण तिचा आवाज जरा घोगरा होता. आतली गोळी कधीतरी हरवली होती आणि नानांनी तिच्या जागी तुरीचा दाणा घातला होता. हे घरात आम्हालाच माहीत. नाना गेले तेव्हापासून शिट्टी मिळत नव्हती. यंदा गावातल्या पोरांनी ठरवलं, नानांच्या नावाने सामने घ्यायचे आणि पहिला सामना त्यांच्याच शिट्टीवर सुरू करायचा. आईने हे ऐकलं आणि तिला दुसरं काही सुचेना. फोन केला की एकच, "सापडली का रे?" मी गावचं घर पालथं घातलं. माळा, कोठी, नानांचे कोट. आईचा आवाज दर फोनला बारीक होत चालला होता. एकुलता एक मुलगा मी, आणि एवढंही मला सापडेना.

अशा मनःस्थितीत त्या रविवारी मी खेळायला गेलो. गच्चीवर कोणाला यातलं काही बोललो नव्हतो. का बोलू? तिथं तरी शोधण्यात मी हुशार होतो.

सचिनने गोष्ट केळीच्या बागेत नेली. बागेत पाण्याच्या मोटारीची खोली, दार बंद. मी लगेच, "शोधायचा चेक." सचिनने सुस्कारा सोडला आणि फासा टाकायला सांगितला. दोन पडले. "काही दिसत नाही."

मग प्रतिभा म्हणाली, "मी दार उघडते. चपला काढते."

मी हसलो. "मोटारीच्या खोलीत चपला काढतं का कोणी? शॉक लागून मरशील."

"मरू दे. तिचं पात्र आहे," सचिन म्हणाला.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. डोळे मिटले होते तिने. एरवी ती आमच्याशी तुमच्या-आमच्यासारखं बोलते, पण तेव्हा एकदम अहिराणीवर गेली. "मी आत जास नही. उंबरठावर बसस. पायना गारा झटकस. आते उजवा हात वर... दारना मांगे, पत्रा भिंतवर टेकस ना, तठे. देखस नही. नुसता हात घालस."

सचिनने फासा उचलला होता, तो खाली ठेवला. "काय लागतं हाताला?" त्याने तिलाच विचारलं. असं त्याने आधी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

"दोरी शे. मेणचट. दोरीले शिट्टी शे." तिने हवेतच मूठ हलवली. "आत तुरना दाना शे."

 मोटारीच्या खोलीत चपला काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय. नाना मोटारीला देव मानायचे. सगळे शॉकची भीती घालायचे, तरी हे उंबऱ्यावर बसून पायाचा चिखल झटकणार आणि अनवाणी आत जाणार.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली, आईकडून किल्ली घेतली आणि शेतात गेलो. सकाळची वेळ, ऊन चांगलं पडलेलं. कुलूप काढलं, खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि चारी भिंती बघितल्या. स्टार्टर, जुना व्हॉल्व्ह, खताची रिकामी पोती. दाराकडे पत्रा उतरता, बसल्या बसल्या हात लागेल एवढा खाली; तिथंही वाकून-ताणून बघितलं. काही नाही.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. शिट्टी नाही याचा आनंद! आई तिकडे वाट बघत होती, आणि मला बरं वाटलं, की ही बाई चुकली.

मग बाहेर पडताना काय वाटलं कोण जाणे, चपला काढल्या. उंबऱ्यावर बसलो. पाय झटकले. आणि न बघता उजवा हात वर, दारामागे घातला. दोरी बोटात आली.

मेणचट होती. शिट्टी हलवली, आत दाणा खुळखुळला.

तिथंच उंबऱ्यावर बसून रडलो.  आणि रडता रडता मनात काय यावं? नाना, सांगायचं होतं तर मला सांगायचं. मी तुमचा मुलगा ना? धुळ्याची कोण कुठली बाई, तिनं तुम्हाला पाहिलंही नाही.

आईच्या हातात शिट्टी दिली. तिने ती पदराने पुसली, गालाला लावली.

"कुठी व्हती रे?"

"मोटारीच्या खोलीत. पत्र्याखाली."

आईने शिट्टी गालापासून खाली घेतली. "पन पत्रे तं नवे हायेत."

तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वादळात आमची केळी आडवी झाली तेव्हा खोलीचे पत्रेही उडाले होते. वरच्या विटांचे थर पडले होते. गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः उभं राहून भिंत वर घेतली आणि नवे पत्रे टाकले. नाना त्याच्या कितीतरी आधी गेले. मी जिथं हात घातला ती जागा ते असताना नव्हतीच.

गवंड्याला विचारलं. शेतावर वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या सालदाराला विचारलं. कोणी शिट्टी पाहिलेली नाही. सचिन एकदा हिवाळ्यात भरीत पार्टीला शेतात आला होता, पण तेव्हा खोलीला कुलूप होतं आणि तुरीच्या दाण्याचं त्याला कोण सांगणार? प्रतिभाला विचारलं तर तिचाच चेहरा उतरला. "भाऊ, माले काय माहीत? मी हात घाला नि दोरी लागनी." त्यानंतर ती खेळायला यायची कमी झाली.

आईने तिला जेवायला बोलावलंच. भरीत केलं, कळण्याची भाकरी केली. जेवण झाल्यावर तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि उलटसुलट करून बघत राहिली. "हाच का वं हात?" माझा हात आईने असा कधी धरला होता ते मला आठवेना. मी उठून अंगणात गेलो.

सामने झाले. शिट्टी वाजली, तशीच घोगरी. लोक रडले. मीही टाळ्या वाजवल्या.

हे सगळं कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. कोणाला काही सुचत असेल तर लिहा, पण 'योगायोग' लिहू नका, तो मी घालून बघितलाय, बसत नाही.

सचिनकडे मी आता चेक मागत नाही. आणि शेतात गेलो की मोटार सुरू करण्याआधी चपला काढतो, उंबऱ्यावर बसतो, पाय झटकतो आणि न बघता हात वर घालतो. काही मागत नाही, विचारत नाही. नुसता हात घालतो.

पत्रा तापलेला असतो. बाकी काही हाताला लागत नाही.