बूट संध्याकाळी पाचनंतर

मी भांडण ऐकायला गेले नव्हते. मी गॅलरीत चादर झटकत होते आणि भांडणच जिना न चढता वर आलं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर डोंगरात जाणाऱ्यांच्या सामानाचं दुकान आहे. तंबू, पाठीवरच्या सॅक, बूट, झोपायच्या पिशव्या. दुकानदाराची मोठी बहीण दारात उभी राहून त्याला धुवत होती.

"साऱ्या जगाच्या पायांची मापं घेतोस आणि सख्ख्या भाचीचं माप नजरेनं घेतलंस?"

"ताई, तिला बस गाठायची होती."

"गाठली की बस! परत येताना मात्र चौघांनी उचलून आणली."

"चुकलं माझं."

"चुकलं म्हटल्यानं हाड जुळतं का? ऐकून ठेव, या दुकानाची पायरी मी पुन्हा चढणार नाही. आणि माझी पोरगी डोंगराचं नाव काढणार नाही."

झालं होतं ते असं. भाची सकाळी सातला धावतपळत आली होती. पातळ मोजे घालून तिने बूट चढवले, आणि याने लांबूनच बघून म्हटलं, "बसला. जा." घरचीच पोर, तिला काय तपासायचं? दिव्याखाली अंधार. दुपारपर्यंत चालून चालून पाय फुगले. उतारावर बोटं बुटाच्या पुढच्या भिंतीवर आपटायला लागली, नखं काळीनिळी झाली. दुखतंय म्हणून ती पाय तिरका टाकायला लागली आणि तिरका टाकला म्हणून घसरली. घोट्याचं हाड मोडलं. दोन महिने प्लास्टर.

त्या दिवसापासून त्याने कानाला खडा लावला. दुकानाच्या काचेवर पुठ्ठा चिकटवला: बूट संध्याकाळी पाचनंतर मिळतील. लोक हसायचे. एक जण म्हणाला, "औषध आहे का हो, दोन चमचे जेवणानंतर?" हा म्हणाला, "पाय दिवसभरात मोठा होतो. मोठ्या पायाला बूट घ्यायचा, लहान पायाला नाही." सकाळी आलेलं गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

भाची त्याला मामा म्हणायची म्हणून सगळी इमारतच त्याला मामा म्हणायला लागली होती. मीही. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणसाला मामा म्हणायचं म्हणजे गंमतच, पण जीभ वळली ती वळली.

मामाची दुसरी खोड म्हणजे जिना. जाड मोजे, नवे बूट, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या, असं सजवून तो गिऱ्हाइकाला तीन मजले वर पाठवायचा. तिसऱ्यावर मी. दाराशी भाजी निवडत बसलेली असायची. माणूस धापा टाकत यायचा, माझ्या चौकटीला धरायचा. मी म्हणायचे, "आलात? आता उतरा. खरी गोष्ट उतरताना कळते." वर चढताना कुठलाही बूट गोडच बोलतो.

एक नवं जोडपं भलामोठा तंबू मागायला आलं होतं. मामाने त्यांना गच्चीवर नेऊन तो उभा करायला लावला आणि माझी बादली मागून घेतली. दोघं आत बसल्यावर वरून पाणी ओतलं. तंबू गळला नाही. पण उभा करताना दोघांनी एकमेकांचे आई-बाप काढले होते. मामा म्हणाला, "छोटा घ्या. यात भांडायला फार जागा आहे." त्यांनी छोटा नेला. पुढच्या वर्षी सासूबाईंना घेऊन आले, तेव्हा मात्र दोन नेले.

असं सगळं हसतखेळत चाले. पण दर चार-आठ दिवसांनी मामा बादली परत द्यायच्या नाहीतर कसल्यातरी निमित्ताने वर यायचा आणि इकडतिकडचं बोलून झालं की विचारायचा, "काकू, ताईचा फोन येतो ना तुम्हाला? पोरगी डोंगराचं नाव काढते का हो?"

"नाही रे."

"बरं," म्हणायचा आणि उतरायचा. त्या पोरीला चालायला त्यानेच शिकवलं होतं. डोंगरही त्यानेच दाखवला होता, आणि त्याच्याच हातून तो बंद झाला. बाकी कशाची त्याला खंत नव्हती.

तीन वर्षांनी एका दुपारी माझी बेल वाजली. दारात बहीण आणि भाची. मागच्या जिन्याने आल्या होत्या, दुकानावरून जावं लागू नये म्हणून. बहिणीने आधी माझे गुडघे विचारले, मग डोळे, मग हवापाणी. मी म्हटलं, "बाई, ताकाला आलीस, भांडं कशाला लपवतेस? पिशवीत काय आहे?"

पिशवीत बूट होते. भाची आता कमावती झाली होती. आठ दिवसांच्या वाटेवर निघाली होती आणि आईला विचारत नव्हती, सांगत होती. आईने मग स्वतः मोठ्या दुकानात जाऊन बूट आणून दिले, आणि त्यानंतर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

"तुम्ही रोज बघता ना काकू. नीट आहेत का तेवढं सांगा. त्याला कळायला नको."

मी पोरीला मागच्या जिन्याने खाली-वर करायला लावलं, पाठीवर माझ्या तांदळाच्या दोन पिशव्या देऊन. परत आली आणि म्हणाली, "आजी, उतरताना अंगठा टेकतो."

बहिणीचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "मग कुठले घेऊ?"

"मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई. चुकीचा बूट कोणता ते मला कळतं. बरोबर कोणता ते खालच्याला कळतं."

"मी पायरी चढणार नाही म्हटलंय."

भाची म्हणाली, "तू नको चढूस, आई. मामा चढेल."

मी गॅलरीतून हाक मारली. मामाने मान वर केली, माझ्यामागे कोण उभं आहे ते बघितलं. मग हातातल्या घड्याळाकडे बघून म्हणाला, "तीन वाजलेत, काकू. पाचला येतो."

"बघितलंत?" बहीण उसळली. "तीन वर्षांनी बहीण दारात आलीय आणि हा घड्याळ बघतो!"

"बस," मी म्हटलं. "तोवर पोरीला चालव. पाय फुगू देत."

ती बसली नाही. पोरीला घेऊन गल्लीला चकरा मारत राहिली. पाचला परत आली तेव्हा दोघींचे पाय दुखत होते आणि राग अर्धा गल्लीत सांडला होता.

मामा सहा खोकी छातीशी धरून वर आला. बहिणीकडे बघितलं नाही. खाली बसला, भाचीचा पाय मांडीवर घेतला, जाड मोजा चढवला, टाचेमागे बोट घालून बघितलं. पहिली जोडी नको. दुसरी नको. तिसरी घालून पोरगी उतरली, चढली.

"अंगठा?"

"नाही लागला."

"पुन्हा जा."

चौथ्यांदा ती वर आली तेव्हा मामा म्हणाला, "पुरे, बसला आता."

बहीण दाराला टेकून उभी होती. म्हणाली, "पुरे काय? एकदा अजून पाठव."

मामाने तेव्हा तिच्याकडे बघितलं. पोरगी पाचव्यांदा उतरली, तिच्यामागोमाग ताई, आणि खोकी सावरत तोही. मी वरून कान देऊन होते. दुकानाची पायरी चढल्याचा आवाज काही येत नाही, पण खुर्ची ओढल्याचा आला.

पोरगी आठ दिवसांनी आपल्या पायांनी घरी आली, काळी करपलेली आणि दहाही नखं जागेवर. नंतर नोकरीवरून सुटली की ती दुकानात येऊन बसू लागली, आणि ताई सुट्टीच्या दिवशी गल्ल्यामागे. ताईने तंबूंच्या घड्या बदलून टाकल्या, त्यावरून बहीणभाऊ पुन्हा भांडत, पण ती भांडणं ऐकण्यासारखी नव्हती.

गेल्या थंडीत मामा गेला. झोपेतच गेला. आदल्या संध्याकाळी दुकान त्या दोघींवर सोडून तो समोरच्या इमारतीतल्या नर्सबाईंची झोपायची पिशवी द्यायला निघाला. तिची चेन त्याने बदलली होती. नर्सबाई म्हणाल्या, "ठेवा तिथे." त्याने ठेवली नाही. त्यांच्याकडून चेन दहा वेळा उघडून-मिटून घेतली. मग सांगितलं, "घडी घालून कोंबून ठेवायची नाही. सैल टांगायची. आतली पिसं दबली की ऊब जाते."

"बरं, मामा."

"कुठे टांगाल ते दाखवा."

त्यांनी कपाट उघडून खुंटी दाखवली. त्याने पिशवी आपल्या हाताने तिथे टांगली, एकदा झटकून मोकळी केली, आणि जिना उतरू लागला.