हात पुरेल तिथवर

आमचे हे भित्रे होते. नवऱ्याबद्दल असं बोलू नये हे मला ठाऊक आहे, पण खोटं तरी कशाला बोलू? पाल चुकचुकली तरी यांचा घास हातातच थांबायचा. सोलापुरात गिरणीचा भोंगा रोज वाजतो, साऱ्या गावाला त्याची सवय. हे मात्र रोज नव्यानं दचकायचे. मी हसले की म्हणायचे, "तुला काय, तुझं काळीज पाट्यावरवंट्याचं आहे." आणि या सगळ्या भीतींच्या वर यांची एक मोठी भीती होती, ती डिपोटीसाहेबाची.

गावात यांना श्रीमंत मास्तर म्हणत. नाव तेवढं श्रीमंत. शहराबाहेर अक्कलकोटच्या रस्त्याला मेंढरं राखणाऱ्या लोकांची एक वस्ती होती. तिथं मातीच्या एका खोलीत बोर्डाची शाळा, आणि त्या शाळेचे हे एकटेच मास्तर. शाळेला लागूनच आमचं बिऱ्हाड. वर्षातून एकदा शाळा तपासायला डिपोटी यायचा. पोरांना एकेक करून समोर उभं करायचा, पुस्तक उघडायचा, आणि पास की नापास एवढंच लिहून घ्यायचा. पोर कुठून निघालं होतं, हे विचारायची सोय त्या परीक्षेत नव्हती.

आमच्या पोरांचं तर निघणंच अवघड. दिवाळी झाली की मायबापांबरोबर मेंढरं घेऊन ती भीमेकाठाला जायची आणि पावसाच्या तोंडाला परत यायची. तोवर निम्मं विसरलेलं. निम्म्यांच्या घरात कानडी, शाळेत मराठी. तरी आमचे हे पुन्हा पहिल्यापासून लागायचे. जेवताना कधी बोललेच तर म्हणायचे, "वकिलाचा मुलगा एक पायरी चढला, माझं पोर विहिरीच्या तळातून काठावर आलं. साहेब दोघांना एकाच उंबऱ्याशी उभं करतो आणि म्हणतो, हा आत, हा बाहेर." मी म्हणायचे, मग हे साहेबाला सांगा की! त्यावर हे ताटात बघत भात कालवत बसायचे.

सांगता येत नव्हतं म्हणूनच यांनी ती भिंत केली असावी. दसऱ्याला सगळीकडे पाटीपूजन होतं. पोरं पाटीवर सरस्वती काढतात आणि दुसऱ्या दिवशी पुसून टाकतात. यांनी वस्तीत वेगळीच रीत घातली. दारालगतच्या भिंतीवर प्रत्येक पोराची एक अरुंद पट्टी आखून दिली. दसऱ्याला पोरानं भिंतीशी उभं राहायचं, हात जिथवर पुरेल तिथवर वर करायचा आणि काडीनं, कावेच्या लाल रंगानं, स्वतःला येईल ते लिहायचं. पहिल्या वर्षी उभी रेघ. दुसऱ्या वर्षी एखादं अक्षर. मग आपलं नाव. मग आईचं नाव. वर्षाला पोराचा हात वर सरकायचा, तसं लिहिणंही वर सरकायचं. बापाचं नाव आधी का नाही, असं मी विचारलं होतं. "शाळेत हात धरून आई आणून सोडते," एवढंच म्हणाले. ती भिंत सोडून बाकी शाळा सारवायची, हे वस्तीतल्या बायकांना ठाऊक होतं. कोणी चुकून पोतेरं घेऊन तिकडे वळलीच, तर हे स्वतः आडवे उभे राहायचे.

त्या साली, एकतीस साल असेल, जुना डिपोटी बदलला. नवा आला तो कडक म्हणून. त्याच्याआधी हुकूम आला. सरकारकडे पैशाची ओढाताण आहे, गेल्या वर्षी निकाल वाईट लागलेल्या शाळा यंदाही तशाच निघाल्या तर बंद करण्यात येतील. आमच्या शाळेचा निकाल गेल्या वर्षी फारच वाईट होता. शाळा बंद झाली तर पोरांना शहरातली शाळा गाठायला लागणार होती, आणि तिथं ही पोरं कोणी बसवून घेतली नसती. बसवली असती तरी त्यांच्या आयांनी एवढ्या लांब पाठवली नसती. थोडक्यात, शिकणं संपलं.

हुकूम वाचल्यापासून यांचं पोट बिघडलं. ताकभातसुद्धा पचेना. पोरं घोकायची आणि हे त्यांच्या मागून ओठ हलवत फिरायचे. रस्त्यावर टांग्याचा आवाज झाला की खडू खाली पडायचा. खरं सांगते, त्या दिवसांत मलाही भीती वाटायला लागली होती, पण दोघांनी एकदम घाबरून कसं चालेल, म्हणून मी चिडत होते.

एका संध्याकाळी हे जरा शांत दिसले. म्हणाले, "मला साहेबापुढं बोलता येणार नाही.  मी फक्त भिंतीकडे बोट दाखवणार. ही रेघ पहिल्या वर्षाची, हे नाव या वर्षाचं. भिंतच बोलेल माझ्याऐवजी." पहिल्यांदाच मला वाटलं, बघ, या माणसाला वाट सापडली.

साहेब सर्वपित्रीच्या आसपास यायचा होता. घट बसायला आले की घरोघर सारवण चालतंच. आदल्या दिवशी यांनी वस्तीतल्या बायकांना बोलावलं. पुढारी म्हणजे सोजरबाई, आवाज असा की मेंढरंसुद्धा ऐकतात. हे घाबऱ्या घाबऱ्या म्हणाले, "उद्या साहेब येणार. शाळा आरशासारखी दिसली पाहिजे. एक कोपरा सोडू नका." आणि साहेबाला बसायला खुर्ची नव्हती म्हणून ती मागून आणायला हे शहरात सात रस्त्याला गेले. मी चुलीपाशी, साहेबाच्या फराळात गुंतलेली.

खुर्ची डोक्यावर घेऊन हे परतले तेव्हा मीही शाळेत डोकावले. दारात सोजरबाई, तिच्यामागे पाचसहा बाया, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले, तोंडं आनंदानं फुललेली. आत पांढऱ्या मातीचा ओला वास. सगळ्या भिंती गुळगुळीत, लख्ख. तीसुद्धा.

"मास्तर, पोरांनी रंगवून ठिवलंवतं की सगळं! सायेब काय म्हणला आसता? एरवी सोडतो ती भिंतबी सोडली न्हाय. एक कोपरा ठिवला न्हाय आमी," सोजरबाई म्हणाली.

यांनी खुर्ची खाली ठेवली.  मला वाटलं आता ओरडतील, निदान रडतील. हे म्हणाले, "झकास केलंत, सोजरबाई. फार छान दिसतंय."

बाया गेल्यावर मी यांच्यावर तुटून पडले. एक शब्द बोलवला नाही तुम्हाला? हे म्हणाले, "काय बोलू? मीच म्हटलं होतं, एक कोपरा सोडू नका." मग खुर्चीपाशी खालीच बसले. आणलेल्या खुर्चीवरसुद्धा बसायची यांची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. उंच, बारीक, डोळ्यांवर चष्मा, बोलणं मोजकं. पोरं अंघोळी करून, डोक्याला तेल चोपडून बसली होती. दाराबाहेर बाया दाटल्या होत्या, त्यांच्यात मी. फक्त काशम्मा आत होती. ही अक्कलकोटकडची, एकटी राहणारी, बोलायला कमी. दार आत उघडायचं. त्या उघड्या फळीला पाठ लावून, फळी भिंतीशी दाबून ती उभी होती. मला वाटलं, भीतीनं.

परीक्षा सुरू झाली. एकेक पोर उठत होतं आणि साहेबाच्या चष्म्याकडे बघून गारठत होतं. काल धडाधडा वाचणारी गोजा पुस्तक हातात घेऊन मुकी झाली. साहेब लिहीत होता. नापास. नापास. मध्येच एखादं पास. आमचे हे फळ्याशी उभे, हात मागे बांधलेले.

शेवटी साहेबानं टोपण लावलं. "मास्तर, निकाल गेल्या वर्षासारखाच आहे. मला हुकुमाप्रमाणे लिहावं लागेल." तो उठला. जाता जाता त्यानं काशम्माला पाहिलं. "ही बाई मघापासून फळी का धरून उभी आहे? मागं काय आहे?"

"काय न्हाय, सायेब," काशम्मा म्हणाली.  साहेबानं हातानं बाजूला हो अशी खूण केली. ती सरली, फळी पुढं आली, आणि मागं भिंतीचा एक अरुंद तुकडा दिसला. न सारवलेला. जुनी माती, धूर, आणि त्यावर कावेची लाल अक्षरं.

सोजरबाई माझ्या कानाशी पुटपुटली, "मेली की ही! म्या म्हणलंवतं सगळं सारव."

साहेब वाकला. खाली एक वाकडी रेघ. तिच्यावर 'नि', उलटा. आणखी वर, अगदी ठळक, 'निंगप्पा', आणि त्यातला जोडलेला प्पा दोनदा गिरवलेला. साहेबानं पाहिलं आणि पोरांकडे वळला. "हा निंगप्पा कोण? याला मी तपासलं नाही. पुढं बोलवा."

कोणी उठलं नाही. साहेबानं यांच्याकडे पाहिलं. 

"त्यो न्हाय, सायेब," काशम्मा म्हणाली. "माझा ल्योक. गेल्या साली नदीकडं तापानं गेला. तुमी रागावू नका. समद्या भिंतीवर हात फिरवला म्या, हितं फिरंना. त्येची उंची कुटं मोजून ठिवली न्हाय म्या. हितं हाय तेवढीच."

मग जे झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. आमचे हे चालत पुढं आले. आणि बोलले. "साहेब, ही सगळी भिंत अशी होती. माझ्या सांगण्यावरून काल पुसली गेली. हा मुलगा आला तेव्हा त्याला मराठी येत नव्हतं, काडी कशी धरायची माहीत नव्हतं. तीन दसऱ्यांत तो इथवर आला. तुमच्या परीक्षेला बसला असता तर नापास झाला असता. पण तो एवढा चालला होता, साहेब. ही सगळी अशीच चाललेली आहेत. कुठवर पोचली तेवढंच बघू नका. कुठून आली तेही बघा." आणि मग मुकी झालेली गोजा उठली, भिंतीशी गेली आणि कपाळाइतक्या उंचीवर ओल्या मातीला बोट लावून म्हणाली, "माझी रेघ हितं हुती." तिच्या पाठोपाठ सगळी पोरं उठली. जो तो आपली पुसलेली रेघ दाखवू लागला.

 साहेब परत खुर्चीवर बसला. निकाल त्यानं बदलला नाही, तो माणूस तसा नव्हताच. पण शेऱ्यात लिहिलं की शाळा आणखी एक वर्ष चालू ठेवावी, आणि पुढल्या तपासणीला प्रत्येक मुलानं कोठून सुरुवात केली तेही दाखवावं. साहेबाचा टांगा दिसेनासा झाला आणि हे मागच्या दारी जाऊन ओकले. मी पाठ चोळत होते. म्हणाले, "एकच वर्ष गं. पुढच्या वर्षी पुन्हा येईल." असा हा माणूस.

दसऱ्याला पोरांनी कोऱ्या भिंतीवर नव्यानं लिहिलं. हात पुरेल तिथवर हात, येईल ते अक्षर. सगळे गेले, मी खाली सांडलेली काव पुसत होते. तेव्हा काशम्मा आली. दाराची फळी पुढं ओढून ती त्या तुकड्यापाशी उभी राहिली.

"मास्तर," ती म्हणाली, "औंदा कुटवर आला आसता?"

मला वाटलं, हे आता घाबरतील, काहीतरी सांगून टाळतील. यांनी काडी कावेत बुडवली. निंगप्पाच्या नावाच्या वर अंदाजानं चार बोटं मोजून बोट टेकवलं. "इथवर."

काशम्मानं ते बोट पाहिलं. मग विचारलं, "आन् काय ल्हिलं आसतं?"

यांचा हात तिथंच होता.

"तुझं नाव, काशम्मा," हे म्हणाले. "यंदा तुझं नाव लिहिलं असतं."

 पदराचं टोक तोंडात धरून ती खालीच बसली, आणि आमचे हे हात वर केलेलेच तिथं उभे राहिले. त्या जागी यांनी काही लिहिलं नाही. पण त्यानंतर शाळा कितीदा सारवली गेली, एवढा तुकडा कधी कोणी सारवला नाही.