गाडी थंडी ठेवा अन् ढकलत आणा

वरठीच्या स्टेशन रोडवर सकाळी सकाळी कोणी धडधाकट माणूस मोटारसायकल ढकलत येताना दिसला, तर समजा तो आमच्याच गाडी दुरुस्तीच्या दुकानात येऊन राहिला. पेट्रोल नाही संपलं त्याचं. आमच्या गुड्डीच्या बाबाचा कायदाच आहे तसा. इंजिनातून आवाज येते म्हणता? मग रातभर गाडी थंडी ठेवा अन् सकाळी ढकलत आणा. गरम गाडी आणली का उलट्या पावली वापस. माझ्या सख्ख्या भावाले, परसरामले, असंच वापस पाठवलं. दोन महिने बोलला नाही तो आमच्याशी.

पण कायदा खोटा नाही, बरं का. जुन्या गाडीची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरते ते बारकी चेन, ढिल्ली झाली का सकाळच्या पहिल्या किकेले खरखर करते. दोन मिनिटात इंजिन गरम होते अन् आवाज लपून जाते. मग भल्याभल्यायले सापडत नाही. गुड्डीचे बाबा पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक इंजिनाले टेकवतात, लाकडी मूठ कानाले लावतात अन् डोळे मिटतात. मग म्हणतात, "चेन." नाहीतर, "टॅपेट," म्हणजे वरच्या व्हॉल्व्हची साधी टकटक. बस, एवढंच. तीस वर्षांत त्यायनं विनाकारण कोणाचं इंजिन खोललं नाही.

मी दुकानामागच्या पडवीत भाजी निवडत सारं ऐकत असते. तेही तीसच वर्षं. पण गिऱ्हाईकासमोर बाईमाणसानं तोंड उघडायचं नाही, असं सासूबाईनं पहिल्याच वर्षी बजावलं होतं. मी एवढी तोंडाळ बाई, पण तेवढं एक पाळलं.

दोन वर्षांपासून यायले कमी ऐकू येऊन राहिलं. मी एक सांगितलं का 'हो हो' म्हणतात अन् भलतंच करतात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर अंगावर धावून येतात. "मले काही नाही झालं!" भेव वाटत होतं त्यायले, दुसरं काय? मिस्त्रीचे कान गेले हे लोकायले समजलं तर गाडी ढकलत कोण आणणार? म्हणून मीही चूप राहिली. माझ्या माणसाले कोणी हसलेलं मले खपलं नसतं.

मग एका मंगळवारी राजकुमारनं गाडी ढकलत आणली. कंपनीत कामाले आहे तो, अन् गाडी अठरा वर्षांची. त्यानं किक मारली अन् मी हातातली शेंग तशीच धरून बसली. खर्र-खर्र! चेन! एक्सिलेटर सोडला तर पुन्हा तेच. गुड्डीच्या बाबानं मूठ कानाले लावली, डोळे मिटले. खूप वेळ मिटले. मग म्हणाले, "टॅपेट."

टॅपेट सेट करून दिले. राजकुमार खूश. "बरं झालं, भाऊ. परवा शालूले अन् पोरीले घेऊन सासुरवाडीले, नाकाडोंगरीले जाऊन राहिलो. जंगलाचा रस्ता आहे, म्हटलं दाखवून घ्यावं."

चालत्या गाडीत ते चेन दात सोडून उडाली तर इंजिन जागच्या जागी जाम होते. गाडीवर तीन जीव. अन् मी दाताखाली पदर धरून बसली! माझाच मले असा राग आला का विचारू नका.

दुपारी जेवायले वाढलं अन् म्हटलं, "अजी, ते चेन होती."

"काय?"

"चेन होती!"

"टॅपेट होते."

"चेन होती म्हणते ना मी! कान फुटले काय तुमचे?"

निघून गेलं तोंडातून. जीभ हासडून टाकावी वाटली. त्यायच्या हातातला घास हातातच राहिला.

"कधीपासून माहीत आहे तुले?"

"दोन वर्षं झाली."

"मग काहून नाही बोलली?"

"तुम्ही काहून नाही बोलले?"

त्यायनं घास ताटात ठेवला. "मले आज काहीच ऐकू नाही आलं, गुड्डीची माय. टॅपेट म्हटलं ते असंच म्हटलं. चारचौघं पाहून राहिले होते." अन् डोळे भरून आले त्यायचे. माझ्या साऱ्या रागाचं पाणी झालं.

हात धुवून त्यायनं स्वतःच फोन लावला. "राजकुमार, गाडीले किक मारू नको. ढकलत आण. माझी चूक झाली." हे शब्द मी त्यायच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

बुधवारी इंजिन खोललं. चेन ताणून ठेवणारा टेन्शनर अटकून बसला होता, गाईडची पट्टी झिजून तिचा तुकडा पडला होता, अन् चेननं झाकणाले आतून घासून चर पाडला होता. त्यायनं नवी चेन टाकली, टायमिंगच्या खुणा दोनदा जुळवून पाहिल्या अन् रातभर गाडी दुकानातच थंडी ठेवली.

गुरुवारी सकाळी शालू पिशवी घेऊन रस्त्यावर उभी, पोर तिच्या कडेवर. आणखी तीन गिऱ्हाईकं होती. त्यातला ताराचंद, मंगळवारीही तो इथंच उभा होता, म्हणाला, "भाऊ, चेन होती तर परवा काहून नाही सापडली तुमाले?"

गुड्डीचे बाबा हात पुसत मोठ्यानं म्हणाले, "मले ऐकू येत नाही आता. माझ्या बायकोनं ऐकलं ते."

राजकुमारनं किक मारली. सारे इंजिनाकडे पाहत होते, अन् हे एकटे माझ्या तोंडाकडे. मी पडवीतून दुकानात आली. इंजिन साफ चालत होतं, खरखर नाही, काही नाही.

"चांगली आहे जी," मी म्हटलं.

ते पाहतच राहिले. ऐकू नाही आलं त्यायले.

मग मी दाताखालचा पदर सोडला अन् अख्ख्या स्टेशन रोडले ऐकू जाईल अशी ओरडली, "चांगली आहे, अजी! जाऊ द्या पोरीले माहेराले!"